आजोबांच्या पेटीतल्या नोटा: सुरुवात कशी करावी

भाऊ, आजोबांच्या पेटीत सापडलेल्या नोटा तुम्ही जपायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. आधी एकच सांगतो: त्या पुसू नका, इस्त्री करू नका, फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच नाही. नोट जशी आहे तशीच मोलाची. 'सुधारलेली' नोट जाणकार बाजूला ठेवतो.

सुरुवात 1 रुपयाच्या नोटेपासून करा. स्वस्त मिळते आणि शिकवते खूप. तिच्यावर गव्हर्नरची नाही, वित्त सचिवांची सही असते. मनमोहन सिंग यांची सही 1 रुपयावरही सापडते आणि नंतर गव्हर्नर म्हणून मोठ्या नोटांवरही. एवढी एक जोडी जमवून पाहा, गोडी लागेल.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- पीव्हीसीचे स्वस्त पाकीट. आपल्या जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात ते नोटेला चिकटतं. पॉलिएस्टरचं घ्या, अल्बम लोखंडी कपाटात वरच्या तापलेल्या फळीवर ठेवू नका.
- '786 नंबरच्या नोटेचे लाखो देतो' असे फोन. आधी फी मागितली की फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेनेही 2021 मध्ये अशा फसवणुकीबद्दल सावध केलं होतं.
- 2016 मध्ये बंद झालेल्या 500 आणि 1000 च्या नोटांचे गठ्ठे. कायद्याने संग्रहासाठी 25 पर्यंतच ठेवता येतात.

सह्यांची यादी, दर्जा, छपाईतल्या चुका हे सगळं पुढे बघू. आत्ता पेटीतल्या नोटांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि कोणती कुठे मिळाली ते वहीत लिहा.