औदुंबर उदास का वाटतो?

प्रिय चिऊ,

शनिवारी मराठी शाळेतून येताना तू गाडीत विचारलंस, "बाई म्हणाल्या, बालकवींची ‘औदुंबर’ उदास कविता आहे. पण त्यात दुःख हा शब्दच नाही. सगळं हिरवंगार आहे. मग उदास कशी?" गाडी चालवताना मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

कविता आठच ओळींची. एकदा नुसते रंग बघत वाच. आधी हिरवाळी, निळासावळा झरा, हिरवे शेतमळे. मग त्यातून एक पांढरी पायवाट निघते, ‘हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे’. चालली आहे ती वाटच, वर माणूस नाही. चार घरांचं गाव आहे, पण कुठे हाक नाही, चुलीचा धूर नाही. शेवटी पाण्यात पाय टाकून बसलंय कोण, तर एक झाड! आणि लाटांवरच्या त्या काळिम्याला कवी ‘गोड’ म्हणतो. मला दर वेळी तिथेच चटका बसतो. ज्याला काळोख गोड वाटतो, तो आतून किती थकला असेल गं!

तू लहानपणी ज्यावर नाचायचीस ते ‘आनंदी आनंद गडे’ही त्यांचंच. 1890 साली धरणगावला जन्मले आणि 1918 मध्ये जळगावजवळ भादली स्टेशनपाशी रेल्वेखाली सापडून गेले. अवघे 27 वर्षांचे होते.

एका कवितेत त्यांनी उघडच म्हटलंय, ‘कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला’. पण माझ्या मनात जास्त रुतलाय तो त्यांचा पारवा. भिंत खचलेली, खांब कलथलेला, आणि पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर तो एकटा घुमतोय. धर्मशाळा म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाची जागा. तिथे कधीकाळी बैलगाड्या सुटत असतील, कुणी भाकरी भाजत असेल, पोरं रडत असतील. यातलं कवी काहीच सांगत नाही. ‘पडकी’ म्हटल्यावर ते आपलं आपल्यालाच आठवायला लागतं.

आपली आजीही अशीच बोलते. आजोबा गेले तेव्हा मी महिनाभर तिच्याजवळ होते. दिवेलागणीला तिचे डोळे भरून यायचे. विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, कातरवेळ आहे." पण रोज सकाळी ती आजोबांचा पानाचा डबा उघडायची आणि चुना वाळू नये म्हणून त्यात दोन थेंब पाणी घालायची. घरात पान खाणारं दुसरं कुणी नव्हतं.

तो डबा अजून फडताळात आहे. डिसेंबरमध्ये गेलो की तिला दाखवायला सांग. आणि ‘औदुंबर’ म्हणायलाही सांग, तिला पाठ आहे.

तुझी,
आई