"मॅडम, पुस्तक उघडतो अन् तसंच मिटतो"

मी समुपदेशनाचं काम करते. मे महिना लागला की माझ्याकडे शिक्षकांचे फोन वाढतात. १ मेला निकाल वाटून झालेला असतो, पुढे महिना-दीड महिना शाळा नसते. बाहेरच्या माणसाला वाटतं, आता यांना कसली काळजी? पण बोलणं बहुतेकांचं एकच असतं. "सुट्टीत वाचायचं ठरवलं होतं, पुस्तकंही आणली, पण वाचणं होतच नाही. माझ्यात काही बिघडलंय का?" या प्रश्नाला उत्तर म्हणून एका गुरुजींची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गुरुजी बीड जिल्ह्यातले, धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर. वय ४३, नोकरी १९ वर्षांची. अंबाजोगाईला माझ्याकडे आले तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते आणि उन्हाने रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून सहा पुस्तकं काढून टेबलावर मांडली. पेशंट आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मांडतो तशी.

"मॅडम, रोज वाचायला बसायलोय. पुस्तक उघडतो, दोन पानं होतात, डोक्यात काहीच जाईना. तसंच मिटतो. मग दिवसभर मनाला खात राहतं."

जनगणनेच्या कामाला लावलेल्या शिक्षकांच्या यादीत त्यांचं नाव आलं नव्हतं. म्हणजे सुट्टी पूर्ण हातात होती आणि तीच त्यांना खायला उठली होती. घरात कुरडया-पापडांचं वाळवण चाललेलं, लग्नसराईची आमंत्रणं पडलेली, टँकर आला की घागरी-बादल्या घेऊन धावायचं. या सगळ्यात पुस्तक घेऊन बसलं की बायकोला मदत केली नाही म्हणून अपराधी वाटायचं आणि मदतीला गेलं की वाचलं नाही म्हणून.

त्यात बाहेरचं दडपण वेगळंच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलं आहे. आणि १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं असं त्यात आहे. गुरुजींची तर १५ वर्षं उरलेली. ग्रुपवर रोज कुणीतरी आपण काय काय वाचलं ते टाकत होतं.

मी आधी एक गोष्ट तपासली, आणि असा अनुभव येणाऱ्या प्रत्येकाने ती तपासावी. झोप कशी आहे? जेवण जातं का? आवडीच्या इतर गोष्टीतलंही मन उडालंय का? दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, तर तो पुस्तकाचा प्रश्न राहत नाही. तेव्हा डॉक्टरांना भेटायला हवं, किंवा निदान १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करायला हवा. तो सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. गुरुजींचं तसं नव्हतं. झोप लागत होती. मेहुण्याच्या लग्नात हौसेने पंगतीत वाढायला उभे राहिले होते. अडत होतं ते फक्त पुस्तकापाशी.

मग मी त्यांना वेळापत्रक करून दिलं. सकाळी सहा ते सात, रोज २० पानं, वहीत खूण करायची. आठ दिवसांनी आले तेव्हा वहीत दोनच खुणा होत्या आणि चेहरा आधीपेक्षा उतरलेला. ती चूक माझी होती. जो माणूस आधीच स्वतःला नापास करत होता, त्याच्या हातात मी आणखी एक प्रगतिपुस्तक दिलं होतं.

त्या दिवशी मी पुस्तकं बाजूला सारली आणि विचारलं, "गुरुजी, सुट्टी लागल्यापासून वर्गातलं कोणतं लेकरू सारखं डोळ्यांपुढं येतंय?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग एका मुलीचं सांगितलं. तिसरीतली. आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास तीही त्यांच्याबरोबर कोल्हापूरकडे गेली आणि एप्रिलमध्ये परत आली. गावात हंगामी वसतिगृहाची सोय झाली होती, पण धाकटा भाऊ सांभाळायला कुणी नाही म्हणून तिला नेलं होतं. आल्यावर गुरुजींनी तिची चाचणी घेतली. १०० वजा ५६ दिलं. तिने पाटीवर उत्तर लिहिलं, १५६. शून्यातून सहा जात नाहीत, मग सहातून शून्य घालवलं. पाचाचंही तसंच, आणि एक तसाच खाली उतरवला. गुरुजींनी तिचं नाव अप्रगतच्या यादीत घातलं.

निकालाच्या दिवशी बाप आला. यादीचं ऐकून हसला आणि म्हणाला, "गुरुजी, आमचा वाढ्याचा सगळा हिशोब हीच ठेवती."

वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा. तोडकरी त्याच्या पेंढ्या बांधून तिथल्या दूधवाल्यांना वैरण म्हणून विकतात. गुरुजींनी तिथंच तिला विचारलं, "आठ रुपयाला पेंढी. सात घेतल्या, शंभराची नोट दिली. किती परत देशील?" पोरगी म्हणाली, "पाचाचे चाळीस, दोनाचे सोळा, छप्पन्न. छप्पन्नला चार, साठ. साठला चाळीस, शंभर. चव्वेचाळीस."

म्हणजे तेच गणित. १०० वजा ५६.

"मॅडम," गुरुजी म्हणाले, "१९ वर्षं झाली मला. त्या पोरीला मी अप्रगत लिहिलं अन् तिनं माझ्यापुढं उभ्या उभ्या सोडवून दाखवलं. यादी तर गेली. आता कोणत्या तोंडानं पुस्तक उघडू?"

इथे मला त्यांची अडचण कळली. पुस्तक उघडताना त्यांना ते वाचायचं नसायचं, आपण चांगले शिक्षक आहोत याचा पुरावा त्यातून मिळवायचा असायचा. अशा वाचणाऱ्याला प्रत्येक पान आरोपच करतं. भ्यालेलं मन ओळ वाचू पाहतं आणि त्याच वेळी स्वतःचा निवाडाही करत असतं. दोन्ही एकदम होत नाही. आळसाचा यात काही संबंध नाही, हे मी शिक्षकांना पुन्हा पुन्हा सांगते.

मी म्हटलं, "सहाही पुस्तकं ठेवून द्या. टीईटीचा अभ्यास वेगळा, त्याला दुपारचा तास वेगळा द्या. तो परीक्षेसाठी आहे, मनाला लावून घेऊ नका. पण सकाळी फक्त या पोरीसाठी वाचायचं. प्रश्न एकच. तोंडी येतं ते पाटीवर का येत नाही?"

माझी एक मैत्रीण अध्यापक विद्यालयात शिकवते. तिला फोन लावला. तिने क्षणात सांगितलं की हा प्रश्न जुना आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं पाचच, ९ ते १५ वर्षांची. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशोबांत त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तशीच गणितं नंतर शाब्दिक उदाहरणं म्हणून दिली तेव्हा ७४ टक्के, आणि नुसते आकडे मांडून दिली तेव्हा ३७ टक्के. अलीकडे, २०२५मध्ये, कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरही असाच मोठा अभ्यास 'नेचर'मध्ये आला. त्यातून उलटी बाजूही दिसली. शाळेत पाटीवर गणित येणाऱ्या मुलांना बाजारातला हिशोब जमत नव्हता.

रेसिफेचा लेख इंग्रजीत होता. गुरुजी लातूरला शिकणाऱ्या भाच्याला घेऊन गच्चीवर बसले. पहाटे, ऊन चढायच्या आत. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला तो धावत आल्यासारखा. "मॅडम, त्यात एक १२ वर्षांचं पोरगं हाय, नारळ विकणारं. एक नारळ ३५ला, दहा कितीला? तर ते म्हणतंय, तिनाचे १०५, अजून तीन, २१०. अजून चार पाहिजेत. मग ३१५, मग ३५०. अहो, ही तर आमचीच पोरगी!"

मी त्यांना आणखी काहीच सुचवलं नाही. बाजूला ठेवलेल्या सहा पुस्तकांतून त्यांनी स्वतःच एक उचललं, गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न'. आधी ते दोन पानांतच मिटलं होतं. या वेळी पहिल्याच दिवसाच्या प्रसंगापाशी थांबले. त्यातला शिक्षक चौथीच्या वर्गात मोठ्या तयारीने शांततेचा खेळ घ्यायला जातो, आणि पोरं म्याऊ म्याऊ करून, पाय आपटून तो उधळून लावतात. त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट घेऊन येतो. गुरुजींनी हा प्रसंग बायकोला कुरडया घालता घालता वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे त्या मास्तरचंबी फसलं होतं की!" हे मला सांगताना गुरुजी पहिल्यांदा मोकळं हसले.

पूर्ण सुट्टीत त्यांचं एक पुस्तक आणि एक लेख झाला. काही सकाळी टँकर आला, काही सकाळी नुसती झोप काढली, आणि ते सांगताना आवाजात अपराधीपणा नव्हता. वहीत मात्र नऊ पानं भरली होती. पेंढ्यांची गणितं, मोळ्यांची, टनांची, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीतून किती फिटलं याची. प्रत्येकाखाली ते मूल तोंडी कसं करेल आणि पाटीवर कसं मांडेल, असे दोन रकाने.

शाळा उघडल्यावर दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला पाटीचा फोटो पाठवला. अक्षर त्या मुलीचं. ५६ + ४ = ६०. ६० + ४० = १००. आणि खाली, ४४.

फोटोमागोमाग फोन आला. "मॅडम, हे तिला आता लिहिताबी यायलंय. पण पुढं हातच्याची मांडणी येणारच, तिथं नेऊन कसं जोडायचं ते मला अजून सुधरंना. दिवाळीआधी मुकादम उचल घेऊन येईल, मग ती जाईल. त्याआधी या हातच्यावर वाचायला काही मिळंल का? तुमच्या मैत्रिणीला विचारता?"

मी तिला लगेच फोन लावला.