वाचकांचे प्रश्न : जुन्या देवळाची दुरुस्ती आणि सरकारी पैसा

प्रश्न : गावात यादवकालीन देऊळ आहे. शिखरावर पिंपळ वाढलाय, गाभारा गळतो. खासदार निधीतून दुरुस्ती होईल का?

उत्तर : नाही. धार्मिक स्थळाच्या आतली कामे त्या निधीच्या मार्गदर्शक सूचनांत वर्ज्य आहेत. आधी देऊळ कोणाच्या यादीत आहे ते पाहा. अंबरनाथचे शिवमंदिर किंवा सिन्नरचा गोंदेश्वर यांसारखे केंद्रीय संरक्षित असेल, तर खर्च भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा. राज्य संरक्षित असेल, तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचा. मग मात्र ट्रस्टने स्वतःच्या पैशानेसुद्धा परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

बहुतेक गावांतली देवळे कुठल्याच यादीत नसतात. तिथे 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळवायची धडपड चालते. तो पैसा रस्ता, पाणी, स्वच्छतागृह, भक्तनिवास यांसाठी असतो; शिखर गळतच राहते. दुरुस्तीच हवी असेल, तर संचालनालयाकडे राज्य संरक्षणाचा प्रस्ताव द्या. सोबत ग्रामसभेचा ठराव, सातबारा, ट्रस्टच्या परिशिष्ट 1चा (धर्मादाय कार्यालयातल्या नोंदणीचा) उतारा, चारही बाजूंचे फोटो आणि मोजमापाचा नकाशा जोडा. काम वर्षानुवर्षे रेंगाळू शकते, हे धरूनच चाला.

तोवर पिंपळ ओढून उपटू नका. मुळे सांध्यांत शिरलेली असतात, ओढली की दगडही सुटतात. बुंधा कापा, ताज्या कापावर लगेच तणनाशक लावा, मूळ पूर्ण वाळू द्या, मगच सांधे भरा. सिमेंट नको. ते आत शिरलेले पाणी बाहेर पडू देत नाही. क्षार साचतात आणि वीट-दगडाच्या कडा फुटतात. हेमाडपंती बांधणीत सांध्यांना मुळात चुना नसतोच. शिखर मात्र पुष्कळदा नंतरचे, विटा-चुन्याचे असते. तिथे विरवलेला चुना, सुरखी (विटांची पूड) आणि वाळू समभाग घेऊन सुरुवात करा. नेमके प्रमाण जुन्या गिलाव्याचा नमुना तपासून ठरवा. ऑइलपेंटचा मोह तर आवराच.

प्रश्न : सर्वांच्या करातून एका धर्माच्या वास्तूवर खर्च करणे घटनेत बसते का?

उत्तर : बसते. अनुच्छेद 27 मना करतो तो एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी किंवा जोपासनेसाठीच राखून ठेवलेला कर. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण तर अनुच्छेद 49ने राज्यसंस्थेवरच (शासनावरच) सोपवले आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेत (चर्चमध्ये) आजही मिस्सा ही ख्रिस्ती उपासना होते आणि वास्तूची निगा सर्वेक्षण राखते. खुलताबादची औरंगजेबाची कबरही त्याच सर्वेक्षणाकडे आहे. पैसा वास्तूसाठी असतो. त्यामुळे चांदीचे मखर, नवा सभामंडप, संगमरवरी फरशी या बाबी दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात घुसडू नका. तो खर्च ट्रस्टचा.