सही कोणाची, ते आधी विचार

प्रिय मित्रा,

तुझे पत्र मिळाले. तुमच्या मोहिमेला भरघोस पाठिंबा मिळाला, मंत्र्यांनी स्वतःच्या अकाउंटवरून निर्णय मागे घेतल्याचे जाहीर केले, तुम्ही जल्लोष केलात आणि नंतर कळले की तसा आदेश कधी निघालाच नव्हता. ‘मग आम्ही मिळवले तरी काय?’ असे तू विचारतोस. धीराचे चार शब्द तुला कोणीही सांगेल. मला एवढेच विचारायचे आहे की त्या घोषणेखाली सही कोणाची होती?

पोस्ट म्हणजे आदेश नव्हे. आदेशाला क्रमांक असतो, तारीख असते, तो कोणत्या कायद्याखाली काढला याचा उल्लेख असतो आणि खाली सही असते. म्हणूनच त्याविरुद्ध अपील करता येते आणि तो न्यायालयापुढे ठेवता येतो. तुम्ही सगळे इतके हुशार, पण आदेशाची प्रत मागण्याचे एकालाही सुचू नये, याचा मला खरोखर राग आला.

तू इजिप्तचा दाखला दिला आहेस. २५ जानेवारी २०११ च्या निदर्शनांची हाक देणाऱ्यांत पोलिसांच्या मारहाणीत मेलेल्या तरुणाच्या नावाने चालवलेले ‘कुल्लुना खालिद सईद’ (आपण सारे खालिद सईद) हे फेसबुक पान अग्रभागी होते आणि ११ फेब्रुवारीला अध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाले, हे खरेच आहे. पण २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या अंतिम फेरीत कोण उरले, तेही पाहा: मुस्लिम ब्रदरहूडचे मोहम्मद मोर्सी आणि मुबारक यांचे अखेरचे पंतप्रधान अहमद शफीक. एकामागे अनेक दशकांची संघटना होती, दुसऱ्यामागे जुनी राजवट. चौक भरवणाऱ्या तरुणांचा माणूस त्या मतपत्रिकेवर नव्हता.

त्याहून बोलके उदाहरण आइसलँडचे आहे, कारण तिथे सारे शांतपणे आणि सद्भावनेने घडले. २०११ मध्ये २५ नागरिकांच्या परिषदेने नव्या संविधानाचा मसुदा लोकांच्या डोळ्यांदेखत लिहिला; कलमे इंटरनेटवर टाकली, लोकांच्या सूचना घेतल्या. ऑक्टोबर २०१२ च्या सल्लादायी सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो नव्या संविधानाचा आधार मानावा असा कौल दिला. तरीही संसदेने तो संमत केला नाही. सूचना देण्याची जागा सर्वांना खुली होती, सही करण्याची जागा मात्र पूर्वीचीच राहिली. म्हणून तुला पुन्हा सांगतो, सही कुठे होते ते आधी शोध आणि तिथवर जा.

हा नियम केवळ चळवळीपुरता नाही. सरकार आपले निर्णय यंत्राकडे सोपवते तेव्हा तो अधिकच कामाला येतो. सरकारी भत्ता जादा घेतला असे ठरवून तो संगणकाच्या हिशेबाने वसूल करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील ‘रोबोडेट’ योजनेत लोकांचे करखात्याकडील वार्षिक उत्पन्न पंधरवड्यांत समान वाटून मोजले जात होते. सहा महिने नोकरी करून उरलेले सहा महिने सरकारी भत्त्यावर काढणारा माणूस त्या हिशेबात वर्षभर कमावता दिसे, त्याच्यावर वसुली निघे आणि ती चुकीची असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्याच डोक्यावर येई. २०२० मध्ये सरकारने सुमारे ४,७०,००० प्रकरणांतील पैसे परत करण्याचे जाहीर केले. हिशेबाची ही पद्धत कायद्यात बसत नसल्याचा अंतर्गत सल्ला २०१४ मध्येच दिला गेला होता, हे पुढे चौकशी आयोगापुढे आले. तो सल्ला लेखी होता, म्हणूनच तो सापडू शकला.

आता कागदच उरू नये अशी सोय झाली आहे. निर्णयाची बोलणी फाइलमधून मोबाइलच्या संदेशांत गेली आहेत. करोनाच्या लसखरेदीच्या काळात युरोपीय आयोगाच्या अध्यक्षांनी फायझर या लस बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांशी केलेल्या संदेशांची मागणी एका पत्रकार महिलेने केली. आयोगाने ती फेटाळली आणि मे २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने तो नकार रद्द केला. चिकाटी म्हणतात ती ही. तिच्या अर्जाला टाळ्या पडल्या नसतील, पण आयोगाला न्यायालयात उत्तर द्यावे लागले.

मी आयुष्यभर हेच केले. समित्यांच्या बैठकांना जाऊन बसलो, तोंडी आश्वासन मिळाले की ते लेखी मागितले, हरकतींची मुदत कधी चुकू दिली नाही. सहकारी मला हेकट म्हणाले आणि उत्तम बोलणारे कितीतरी मित्र कंटाळून निघून गेले, याची खंत आजही वाटते. तरीही मी बदललो नाही आणि आता बदलणारही नाही, कारण जाहीर केलेल्या गोष्टी विरताना मी पाहिल्या आहेत आणि लेखी मिळालेल्या गोष्टींसाठी निदान भांडता तरी आले आहे.

मोहीम सोडू नकोस. लोक गोळा करण्याची तुमची ताकद माझ्या पिढीकडे नव्हती. तिच्याविषयी मला आदर आहे आणि थोडा हेवाही. पण त्यातल्या दहा जणांना या आठवड्यात एका टेबलाशी बसव. मूळ निर्णयाचा क्रमांक आणि तारीख काढा, तो कोणाच्या अधिकारात आहे ते पाहा आणि तो मागे घेतल्याच्या आदेशाची प्रत माहिती अधिकाराखाली मागा. आदेश नसेल तर ‘असा आदेश अस्तित्वात नाही’ एवढे तरी त्यांना सहीनिशी लिहून द्यावे लागेल. अर्जाचा मसुदा आधी मला पाठव. त्यात ‘का’ने सुरू होणारे प्रश्न असतील तर ते मी खोडणार आहे, कारण तिथे कागद मागायचा असतो, खुलासा नव्हे.

तुझा,
एक हितचिंतक