हेडसेट लावण्याआधी

प्रिय बाय,

गोव्याच्या आपत्कालीन कॉल केंद्रात फोन घेण्याच्या कामासाठी तुझी निवड झाल्याचं कळलं, फार आनंद झाला. तुझ्या मेसेजमधली एक ओळ मात्र मनातून जाईना. घरचे म्हणतात, डिग्री घेऊन शेवटी फोनच उचलायचे ना? याला दोन शब्दांत उत्तर देता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

हो, फोनच उचलायचा. नोव्हेंबर १९३५मध्ये लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली आणि पाच बायका गेल्या. एका शेजाऱ्याने अग्निशमन दलासाठी फोन लावला होता, पण टेलिफोन एक्स्चेंजने त्याला रांगेत ताटकळत ठेवलं. त्याने चिडून वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ रोजी ९९९ हा जगातला पहिला आपत्कालीन क्रमांक सुरू झाला. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. तू ज्या खुर्चीत बसणार आहेस ती खुर्ची एका वेळेवर न उचललेल्या फोनामुळे तयार झाली, हे घरच्यांना सांग.

आपल्याकडे हे सगळं अलीकडचं. हैदराबादेत १०८ ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली २००५ला, गोव्यात आली २००८ला. त्याआधी माणूस पडला की शेजाऱ्याची गाडी नाहीतर टॅक्सी, आणि नशीब. मग पोलीस, आग आणि रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी देशभर एकच क्रमांक आला, ११२. त्याची सुरुवात नोव्हेंबर २०१८मध्ये हिमाचल प्रदेशातून झाली. हा इतिहास ट्रेनिंगमध्ये शिकवतीलच. मला सांगायचंय ते वेगळं आहे. केंद्र मोठं होतं ते त्यात बसलेल्या माणसाला आपला मुलूख किती ठाऊक आहे यावर. यंत्रं विकत आणता येतात. हे ज्ञान मात्र तिथे बसणाऱ्यांनाच जमवावं लागतं, आणि लिहून ठेवावं लागतं.

पहिला प्रश्न नेहमी ‘कुठे’ हा. काय झालं ते नंतर. फोन कटला तरी पत्ता हातात असला की गाडी निघते. पत्ता नसेल तर आजाराचं नाव कळूनही तू काहीच करू शकत नाहीस.

आणि गोव्यात ‘कुठे’ हा प्रश्न सोपा नाही. राज्य लहान आहे, एका दिवसात दक्षिण टोकाच्या पोळेहून उत्तर टोकाच्या पत्रादेवीला जाऊन येता येतं, म्हणून लोकांना वाटतं की सगळ्यांना सगळं माहीत असतं. कॉलर ‘देऊळवाडा’ म्हणतो आणि गप्प बसतो. देऊळवाडे गावोगाव आहेत. ‘तिस्क’ म्हणतो, तर फोंड्यातलं तिस्क की उसगावचं? नागवे बार्देश तालुक्यात आहे तसं साष्टीतही आहे. कोलवा आणि कोलवाळ, कांदोळी आणि खांडोळा, सांकवाळ आणि साखळी: घाबरलेल्या माणसाच्या तोंडून, पावसाच्या आवाजात, ही नावं सारखीच ऐकू येतात, आणि चुकलीस तर गाडी राज्याच्या दुसऱ्या टोकाला निघते. जानेवारी २०२३पासून तर ‘एअरपोर्टजवळ’ हासुद्धा पत्ता राहिला नाही, कारण दाबोळी आहे आणि मोपाही आहे. पर्यटक हरमलला आरंबोल म्हणतो, केप्याला बोर्डावर दिसेल तसं क्वेपेम म्हणतो, आणि अर्ध्या वेळा त्याला फक्त हॉटेलचं नाव माहीत असतं. म्हणून तालुका विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. नाव परत म्हणून दाखवायचं, आणि गाडी मुख्य रस्त्यावरून वळेल तिथली एक ठळक खूण घ्यायची: चर्च, देऊळ, शाळा, पंचायत, रेशनचं दुकान. घरातला एखादा माणूस त्या खुणेपाशी उभा करायचा, रात्री असेल तर बॅटरी घेऊन.

एक कॉल कसा चालतो ते सांगतो, म्हणजे मी कशाबद्दल बोलतोय ते दिसेल. सत्तरी तालुक्यातला एखादा वाडा धर. पोरगा ओरडतोय, “बेगीन गाडी धाडा, आजो पडला!” तू विचारतेस, “खंय?”, म्हणजे कुठे. उत्तर येतं, “आमगेर!”, म्हणजे आमच्या घरी. यावर हसायचं नाही आणि आवाजही चढवायचा नाही. त्याच्यासाठी जगात तेवढं एकच घर उरलंय. त्याला त्याचं नाव विचार. नाव सांगताना माणूस क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणात गाव, वाडा, खूण विचारून घेता येते. मग आजोबा शुद्धीवर आहेत का, हाक मारल्यावर ओ देतात का. मग श्वास. “घेतायत, घोरतायत,” असं तो म्हणेल. इथे सावध हो. पडलेला माणूस हाकेला ओ देत नसेल आणि मधूनच घोरल्यासारखा किंवा आचके दिल्यासारखा आवाज काढत असेल, तर तो श्वास नव्हे. हृदय बंद पडल्यावर शरीर असे आचके देतं. घरच्यांना वाटतं आजोबा झोपलेत.

अशा वेळी रुग्णवाहिकेआधी तू पोचतेस. फोन स्पीकरवर टाकायला सांग. आजोबांना खाटेवरून खाली, कडक जमिनीवर उताणं घ्यायला सांग. छातीच्या मधोमध तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तू मोठ्याने मोजायचं, त्याने तुझ्यासोबत मोजायचं. तो म्हणेल बरगडी मोडेल. मोडली तरी चालेल म्हणून सांग. तो दमला की शेजारच्याला बसव, पण हात थांबू देऊ नकोस. फोनवरून अशा सूचना द्यायच्या ही कल्पना काही जुनी नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत डॉ. जेफ क्लॉसन यांनी १९७९मध्ये कॉल घेणाऱ्यांसाठी प्रश्नांची आणि सूचनांची कार्डं वापरात आणली, तोवर बहुतेक ठिकाणी पत्ता लिहून घेतला की काम संपलं असं मानत. तुझ्या स्क्रीनवर जे प्रश्न क्रमाने येतील ते त्याच वळणाचे. पहिल्या दिवसांत ते कृत्रिम वाटतील. तरी क्रम सोडू नकोस. तुला सुचणार नाही तेव्हा क्रमच तुला पुढे नेईल.

कॉलरला वाटत असतं की ही बाई प्रश्नच विचारत बसलीय आणि गाडी उभीच आहे. म्हणून गाडी निघाली की लगेच सांग, “गाडी निघाली, मी लाईनवरच आहे.” पण खरोखर निघाली असेल तरच. वाळपईची गाडी दुसऱ्या केसवर असेल आणि साखळीहून येणार असेल तर ‘पाच मिनिटांत पोचते’ म्हणायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. खोटी वेळ सांगितली की घरचे वाट पाहत बसतात. खरी सांगितली तर ते शेजाऱ्याची जीप काढून गाडीला वाटेत गाठू शकतात, पायलटशी, म्हणजे गाडीच्या चालकाशी, तुझ्यामार्फत बोलून जागा ठरवू शकतात. हे मी पुन्हा पुन्हा होताना ऐकलंय. त्यामुळे जीव वाचलेलेही ऐकलेत.

आता नकाशाबद्दल. स्क्रीनवर सर्वांत जवळची गाडी दिसते, आणि ती सोय मोठीच आहे. पण आपल्याकडे मध्ये नदी असते. दोनापावलाहून वास्को समोर दिसतं, जायचं मात्र झुआरी पुलावरून वळसा घालून. मोबोर आणि बेतुल साळ नदीच्या मुखाशी अगदी समोरासमोर, रस्ता मात्र असोळण्यावरून. दिवाडी बेटाला तर पूलच नाही. तिथला कॉल आला की पायलटला सांगून भागत नाही, फेरीबोट धक्क्याला थांबवून ठेवायला लागते, आणि त्यासाठी कुणाला फोन करायचा हे तुला आधीच माहीत हवं. तेरेखोलचं आणखी वेगळं. गाव गोव्याचं, पण नदीपलीकडे, महाराष्ट्राला लागून. फोनला सिंधुदुर्गाचा टॉवर मिळाला तर कॉल तिकडच्या केंद्रात लागू शकतो. तिकडचा कॉल तुझ्याकडेही येऊ शकतो. ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं म्हणून कधीही फोन ठेवायचा नाही. पलीकडच्या केंद्राला जोडून देईपर्यंत तो माणूस तुझाच.

अशा गोष्टींची एक वही ठेव. कुठल्या वाड्यात गाडी आत जात नाही, पावसाळ्यात कुठला पूल बुडतो, कुठल्या वळणानंतर रेंज जाते, चतुर्थीला कुठली घरं उघडतात. चतुर्थीचं मुद्दाम सांगतो, कारण तेव्हा मुंबईहून, पुण्याहून आलेली माणसं मूळ घरून फोन करतात आणि त्यांना स्वतःच्या गावातला पत्ता सांगता येत नाही. शिफ्ट संपली की त्या दिवशी जे अडलं ते लिहून काढ आणि बैठकीत मांड, म्हणजे ते सिस्टीममध्ये जाईल. कॉलची लांबी मोजून माणसाचं काम जोखणारे वरिष्ठ मी पाहिलेत, आणि त्यांच्याशी भांडलोही आहे. मोजायचंच तर पत्ता पक्का व्हायला किती वेळ लागला ते मोजा, आणि गाडी निघायला किती लागला ते. छाती दाबून घेणारा कॉल लांबणारच, आणि लांबलाच पाहिजे.

१८ मे २०१७ची कुडचडेची घटना तू ऐकली असशील. सावर्डेच्या नदीत एकाने उडी घेतली, शोध चालू होता, आणि तो बघायला लोक पोर्तुगीज काळातल्या, वापरासाठी बंद असलेल्या जुन्या पादचारी पुलावर जमले. तो पूल कोसळला. डिस्पॅचरने, म्हणजे कॉल घेऊन गाडी धाडणाऱ्याने, यातून एक प्रश्न कायमचा उचलावा असं मला वाटतं: बघे किती आहेत, आणि ते कशावर उभे आहेत? तो विचारून उत्तर पोलिसांना आणि अग्निशमन दलाला लगेच कळवायचं. आणि मोठ्या घटनेत एकाच जागेवरून धडाधड कॉल येतात तेव्हा ‘हो हो, कळलंय’ म्हणून कुणालाही तोडू नकोस. त्याच रांगेत कुणाच्या तरी घरी बाळंतीण असते, जिचा पुलाशी काही संबंध नसतो.

मूक कॉलही असतात. स्मार्टफोनचं पॉवर बटण तीनदा दाबलं की ११२ लागू शकतो, त्यामुळे खिशातून लागलेले खूप येतील. पण त्यातला एखादा बोलू न शकणाऱ्या बाईचा असतो. मागचे आवाज ऐक. हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचार, बोलता येत नसेल तर बटण दाबून उत्तर द्यायला सांग. अपघात पाहून कळवणारे नाव सांगायला घाबरतात. त्यांना सांग की नाव देण्याची सक्ती नाही आणि मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने तसं कलमच घातलंय.

एक गोष्ट कुठलंही ट्रेनिंग पुरेशी सांगत नाही. गोवा एवढासा, कधी ना कधी ओळखीचा आवाज येणारच. शाळेतले मास्तर, मावशीची शेजारीण, तुझ्याच वाड्यातलं घर. कॉल इतरांसारखाच घ्यायचा, त्याच क्रमाने. हात थरथरले तर शेजारच्या सहकाऱ्याला खूण कर, तो सांभाळून घेईल. आणि जे ऐकलं ते घरी नाही, देवळात नाही, तिंट्यावर, म्हणजे बाजारात, तर मुळीच नाही. लोक विचारतील, खोदून विचारतील. आईलासुद्धा सांगायचं नाही.

बहुतेक कॉलचं पुढे काय झालं ते तुला कळणार नाही, आणि त्याचा त्रास होईल. जड कॉलनंतर दहा मिनिटं हेडसेट काढून बाहेर जाण्याची मुभा माग. मिळत नसेल तर पुन्हा माग, कारण ती पुढच्या कॉलरसाठी आहे. परवानगी असेल तेव्हा ईएमटीला, म्हणजे रुग्णवाहिकेतल्या वैद्यकीय तंत्रज्ञाला, विचारून घे, पेशंट कसा आहे म्हणून. वाईट बातमीसुद्धा अर्धवट राहिलेल्या कॉलपेक्षा बरी.

रुजू व्हायला अजून दिवस आहेत तोवर कदंबाने, म्हणजे सरकारी बसने, फिर. स्कूटर नको, बसमधूनच, कारण बसमध्ये लोक एकमेकांना पत्ते सांगतात. एक दिवस काणकोण, एक दिवस सांगे, एक दिवस वाळपईच्या आतली गावं. वही सोबत घे. दिवाडी मात्र एकटीने नको, शनिवारी सकाळी रायबंदरच्या धक्क्यावर ये. फेरीवाले माझ्या ओळखीचे आहेत, रात्री कुणाला उठवायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घेऊ.

तुझा,
काका