दया येते की दया करतात?

प्रश्न असा आलाय: "प्रवचनात 'दया करा, ही देवाची आज्ञा आहे' असं नेहमी ऐकतो. पण दया ही भावना ना, ती आज्ञा देऊन कशी येणार? मराठी भाषांतरात शब्द चुकलाय का?"

शब्द नाही चुकला. मराठीत दया येते पण आणि करतात पण. येणारी दया शिंकेसारखी, 'ये' म्हटलं म्हणून येत नाही. करायची मात्र आज्ञा देता येते. बायबलमधल्या लूकच्या १० व्या अध्यायातला चांगला शोमरोनी काढून बघा, 'माझा शेजारी कोण?' या प्रश्नावर येशूने सांगितलेली गोष्ट. वाटेवरच्या जखमी माणसाला बघून त्याला आधी कळवळा 'आला', पण शेवटी शेजारी कोण ठरला तर दया 'करणारा', आणि मधे काय झालं तर तेल नि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दोन दिनार (तेव्हाची चांदीची नाणी) मोजले. येशू 'तुलाही कळवळा येवो' म्हणत नाही, तूही तसंच कर म्हणतो. झालं उत्तर.

आता तेलाचा विषय निघालाच आहे तर, ग्रीकमध्ये दया म्हणजे 'एलेओस' आणि तेल म्हणजे 'एलाइओन', म्हणून दया म्हणजे जखमेवरचं तेल, हे दर उपवासकाळात कुणीतरी व्हॉट्सॲपवर फिरवतं. गोड आहे पण खोटं आहे! दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात, नातं काही नाही. व्यासपीठावरून सांगितली म्हणून व्युत्पत्ती खरी होत नसते.



खरी मजा आपल्या 'दया' या शब्दातच आहे. तो ज्यातून आला त्या संस्कृत 'दय्' या धातूचा, म्हणजे क्रियेच्या मूळ शब्दाचा, जुना अर्थ वाटून देणं. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, तर दान, गती, रक्षण, हिंसा, आदान असे पाच अर्थ आहेत, होय, हिंसासुद्धा! 'दाय' म्हणजे वारशाचा वाटा, 'दायाद' म्हणजे वाटेकरी भाऊबंद, तेही याच घरातले. इथे संस्कृतवाले अडवतात, म्हणे दाय 'दा'पासून, दया 'दय्'पासून, भेळ करू नका. अहो, वाटणीच्या एकाच जुन्या मुळाच्या या दोन फांद्या, धातुपाठात वेगळ्या ओळीत बसवल्या म्हणून नातं तुटतं होय?

'जे का रंजले गांजले' सगळ्यांना पाठ असतं, त्यातच तुकोबा पुढे म्हणतात 'दया करणें जें पुत्रासी, तेचि दासा आणि दासी'. (बघा, तिथेही करणेंच.) त्यांच्या मनात दाय होता असं मी सिद्ध करू शकत नाही, पण मला तरी तो ऐकू येतो, मुलाचा जो वाटा तोच दासदासींना.

येशूच्याच दुसऱ्या गोष्टीतला, मत्तयच्या १८ व्या अध्यायातला दास यात फिट्ट बसतो. राजाने त्याचं १०,००० तालांतांचं कर्ज सोडलं, आणि हा बाहेर येऊन १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. तालांत हे मोठ्या रकमेचं माप, त्याला ६,००० दिनार धरले तर ६ कोटी माफ झाले नि याच्याने १०० सोडवेनात! मिळालेला वाटा पुढे वाटायचा होता, याने तो दाबून ठेवला. मी केली तशी दया तूही करायची नव्हतीस का, एवढंच राजाने विचारलं. तुला ती आली होती का, हे नाही विचारलं.