म्यूझला मराठीत काय म्हणायचं, आणि निकोला काय म्हणायचं

प्रश्न असा आहे की निको या जर्मन गायिकेवर मराठीत लेख लिहायचाय, इंग्रजीत तिचं वर्णन ठरून गेलंय, आधी मॉडेल, मग रॉक सिंगर आणि म्यूझ (म्हणजे जिच्यावरून कलावंताला काही सुचतं ती बाई), तर यातल्या म्यूझला 'प्रेरणास्थान' म्हटलं तर चालेल का?

मला विचाराल तर नाही चालणार. प्रेरणास्थान हा शब्द आता आपल्याकडे बॅनरवर नेत्याच्या फोटोखाली जाऊन बसलाय ते एक झालंच, पण खरी अडचण त्यातल्या 'स्थान'मध्ये आहे. स्थान म्हणजे जागा. लोक तिथे येतात, काहीतरी घेतात आणि निघून जातात, जागा स्वतः काही करत नाही. शिवाय शब्द नपुंसकलिंगी, त्यामुळे 'ती अनेकांचं प्रेरणास्थान होती' असं लिहिलं की एक जिवंत बाई बघता बघता 'ते' होऊन जाते. निकोच्या बाबतीत हे मला फार खटकतं कारण तिचं अर्धं आयुष्य याच गोष्टीशी झगडण्यात गेलं.

आधी स्पेलिंगचं सांगून टाकतो, म्यूझ लिहा, म्यूज नको. म्युझियम आणि म्युझिक आपण झ नेच लिहितो आणि हे दोन्ही शब्द म्यूझवरूनच आलेत. ग्रीक पुराणात म्यूझ या नऊ बहिणी, देवांचा राजा झ्यूस आणि म्नेमोसिनीच्या मुली, म्नेमोसिनी म्हणजे स्मृती. त्यांचं देऊळ ते म्युझियम, त्यांची कला ते म्युझिक. आणि या देवी गप्प बसून राहणाऱ्या अजिबात नव्हत्या. होमरच्या ओडिसीची सुरुवातच मुळी म्यूझला हाक मारून होते की बाई तूच सांग आता ही कथा. म्हणजे बोलते ती, कवी नुसतं आपलं तोंड उसनं देतो. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात शारदेला नमस्कार आहे, तिथे तिला 'वाग्विलासिनी' म्हटलंय, वाणीत विलास करणारी, तेही याच जातीचं. नंतर युरोपात हळूहळू ही देवी खाली उतरली आणि चित्रकाराच्या समोर खुर्चीत बसलेली, काही न बोलणारी सुंदर बाई झाली. आज इंग्रजी मासिकं म्यूझ म्हणतात ती बहुतेक वेळा ही खुर्चीतली.

आता निको. खरं नाव क्रिस्टा पेफगेन, जन्म १६ ऑक्टोबर १९३८, कोलोन. युद्धानंतरच्या बर्लिनमध्ये अगदी कोवळ्या वयात मॉडेलिंग सुरू केलं, उंच, सोनेरी केसांची. 'निको' हे नाव तिला हर्बर्ट टोबिआस या फोटोग्राफरने दिलं, आपल्या निकोस पापाताकिस नावाच्या मित्रावरून. म्हणजे नावसुद्धा दुसऱ्याने ठेवलेलं आणि तेही एका पुरुषाचं. (लग्नात नाव बदललेल्या आपल्याकडच्या कितीतरी जणींना हे वेगळं समजावून सांगायला नको.) मग पॅरिस, मग इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या १९६० च्या ला दोल्चे व्हिता या सिनेमात छोटी भूमिका, मग न्यूयॉर्क आणि चित्रकार अँडी वॉरहॉल. वॉरहॉलने तिला व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या रॉक बँडमध्ये घ्यायला लावलं, बँडची फारशी इच्छा नव्हती, आणि म्हणून १९६७ च्या अल्बमच्या नावात 'अँड निको' आलं.

या 'अँड'वर थोडं थांबतो. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत सगळ्यात शेवटी 'आणि डॉ. काशिनाथ घाणेकर' यायचं, तो 'आणि' मानाचा होता, त्यावर टाळ्या पडायच्या. निकोचा 'अँड' तसा नव्हता, ती बँडमधली नाही हे सांगणारा होता. त्याच अल्बमवर बाकीच्यांच्या नावापुढे वाद्यं आहेत आणि तिच्यापुढे 'शाँतूझ' असा फ्रेंच शब्द आहे. अर्थ साधा, गायिका, पण फ्रेंचमध्ये लिहिलं की गायिका जरा सजावटीची वाटायला लागते. अकरा गाण्यांपैकी तीन तिच्या आवाजात आहेत. त्यातल्या एका गाण्याबद्दल बँडचा गायक-गीतकार लू रीड यानेच सांगितलंय की 'मी तुझा आरसा होईन' ही ओळ निको त्याला बोलता बोलता म्हणाली होती आणि त्यावरून त्याने गाणं लिहिलं. आता बघा, शब्द तिचा, बोलली ती, कवीने उतरवून घेतलं, म्हणजे होमरच्या अर्थाने ती तंतोतंत म्यूझ आहे, पण गीतकार म्हणून नाव लू रीडचं.

कवी-गायक लिओनार्ड कोहेनलाही तिच्यावरून गाणी सुचली, त्याने ते लपवलं नाही. आणि बघा, मी आत्ता 'सुचली' लिहिलं, माझं उत्तर खरं तर इथेच आहे. मराठीला म्यूझसाठी नाम शोधायची गरजच नाही, आपल्याकडे क्रियापद आहे. 'मला ओळ सुचली', 'त्याला कविता स्फुरली'. वाक्याचा कर्ता ओळ किंवा कविता आणि कवी बिचारा चतुर्थीत, घेणारा. स्फूर्ती आपल्याकडे आतून उसळते, केशवसुतांच्या 'स्फूर्ति' कवितेत ती काठोकाठ भरलेला पेला आहे, कोणी बाई नाही. म्हणून 'ती कोहेनची म्यूझ होती'चं मराठी 'कोहेनला तिच्यावरून गाणी सुचली'. कोणाचं काम किती ते स्वच्छ कळतं आणि ती बाई शिल्लक राहते, पुढे स्वतःचं काहीतरी करायला मोकळी.

आणि तिने केलं. १९६७ मध्येच तिचा पहिला सोलो अल्बम आला, गाणी जवळजवळ सगळी इतरांची आणि वरून न विचारता बासरी घातलेली, ती बासरी तिला अजिबात आवडली नव्हती. मग तिने सोनेरी केस मेंदीने लाल केले, डोअर्स बँडचा गायक जिम मॉरिसन याने तिला स्वतः लिही म्हणून सांगितलं, आणि तिने पेटी घेतली. हो, पेटी, हार्मोनियम, पाय मारून भाता चालवायची, संगीत नाटकवाले जिला पायपेटी म्हणायचे त्या कुळातली. तिचा १९६८ चा अल्बम मार्बल इंडेक्स मी पहिल्यांदा हेडफोनवर ऐकला तेव्हा मला काहीच माहिती नव्हती आणि पहिल्या मिनिटात अंगावर काटा आला, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. आमच्या गावी एकादशीला भजनात पेटीवाले काका गाणं थांबलं तरी सूर दाबून ठेवायचे, भात्याचा श्वास ऐकू यायचा, एक सूर किंचित चढा होता तो तसाच वाजायचा. निकोची पेटी तशीच एकाच सुरावर घुमत राहते आणि वर तिचा तो खोल, संथ, जवळजवळ पुरुषी आवाज. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडमधल्याच जॉन केलने बाकीची वाद्यं त्या पेटीभोवती रचली. पण गाणी सगळी तिची, शब्द तिचे, चाली तिच्या. रॉकमध्ये तोवर असं काही नव्हतं आणि अल्बम फारसा विकलाही गेला नाही.

आपल्याकडचं असंच एक नाव आठवतं, अंजनीबाई मालपेकर. मूळच्या गोव्याच्या, भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांच्या शिष्या. रविवर्म्याच्या चित्रांसाठी त्या बसल्या असं सांगतात आणि इंग्रजी लेखात त्यांना हमखास रविवर्म्याची म्यूझ म्हणतात. मराठीत 'चित्रासाठी बसणे' एवढं पुरतं. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या त्या पहिल्या बाई, किशोरीताई आमोणकरांना त्यांनी तालीम दिली, ओळख यावरून सुरू व्हायला हवी.

निकोची पेटी १९७८ मध्ये चोरीला गेली. हातात पैसे नव्हते. पॅरिसमधल्या एका आडबाजूच्या दुकानात हिरव्या भात्याची पेटी सापडली आणि ती अमेरिकन रॉक गायिका पॅटी स्मिथने तिला घेऊन दिली, पैसे परत नको म्हणाली. त्यानंतर दहा वर्षं निको गात राहिली, हेरॉइनने शरीर पोखरलं होतं तरी गात राहिली. १८ जुलै १९८८ ला इबिझामध्ये उन्हात सायकलवरून जाताना पडली, मेंदूत रक्तस्राव झाला आणि गेली, वय ४९. बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड जंगलातल्या दफनभूमीत आईशेजारी आहे.

तेव्हा तुमच्या लेखाचं पहिलं वाक्य मी असं करेन: निको ही पेटीवर स्वतःची गाणी रचून गाणारी जर्मन गायिका, आधी मॉडेल होती, आणि लू रीड, लिओनार्ड कोहेन यांना तिच्यावरून गाणी सुचली. म्यूझ हा शब्द ठेवायचाच असेल तर तसाच ठेवा, भाषांतर करू नका, पण वाक्यात शेवटी ठेवा.